ऊस तुटला, आता पाचटाचं काय? बुरशीच्या तेलाची हवा आणि खोडव्याचं काम

गळीत हंगाम चालू आहे, फड रिकामे व्हायला लागलेत, आणि पाचटावर, म्हणजे तोडणीनंतर उरलेल्या वाळलेल्या पाल्यावर, बुरशी वाढवून तेल काढता येतं, त्याचं बायोडिझेल होतं हे ऐकून बरेच जण विचारतायत की यंदा पाचट कुजवायचं का तेलासाठी साठवून ठेवायचं. तेल निघतं हे खरंय, पण ते बांधावर निघत नाही, त्यामुळे आधी नीट समजून घ्या आणि मग ठरवा.

म्युकर, मॉर्टिएरेला, कनिंगहॅमेला अशा काही बुरश्या आपल्या वाळलेल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त तेल अंगात साठवतात. हे कधी होतं, तर साखर भरपूर आहे आणि नत्र (नायट्रोजन) संपलंय तेव्हा. नत्र नाही म्हणून वाढ थांबते पण साखर खाणं काही थांबत नाही, मग ती जास्तीची साखर पेशीत तेलाचे थेंब होऊन बसते. आणि शेतात आपल्याला नेमकं याच्या उलट पाहिजे असतं, म्हणून आपण पाचटावर युरिया टाकतो, बुरशीला नत्र मिळतं, ती पसरते आणि पाचट फोडते. सगळी मेख या नत्रात आहे.

पाचटातली साखर मोकळी नसते, ती सेल्युलोज या तंतूंमध्ये बांधलेली आणि वरून लिग्निन या चिवट पदार्थाचं कवच. ते फोडायला वाफ, आम्ल, मग एन्झाइम लागतात, त्यात फरफ्युरालसारखे पदार्थ तयार होतात जे बुरशीलाच मारक असतात, ते काढायचे, निर्जंतुक टाकीत हवा देत बुरशी वाढवायची, मग ती वाळवून सॉल्व्हंटने (तेल विरघळवणाऱ्या द्रावकाने) तेल काढायचं. माझा ढोबळ हिशोब असा की १ टन कोरड्या पाचटातून ४०० किलो साखर हाती लागली आणि तिचं १५ ते २० टक्के तेल झालं तर ६० ते ८० किलो तेल, आणि १ टन सोयाबीनमध्ये तेल असतं १८० किलोच्या आसपास, तेही एवढा खटाटोप न करता. इंग्लंडमध्ये १९८५ ते १९९० या काळात म्युकरचं तेल कारखान्यात काढून विकलं, तरी दुसरी वनस्पती तेलं स्वस्त पडली आणि ते बंद झालं. आज मॉर्टिएरेलाचं तेल लहान बाळांच्या दूध पावडरीत जातं, तिथे त्याला भाव आहे, पण ते शुद्ध ग्लुकोजवर वाढवतात, पाचटावर नाही. त्यामुळे कुणी कल्चरची (जिवंत बुरशीच्या विरजणाची) बाटली देऊन घरी तेल काढा म्हणालं तर एक रुपयासुद्धा देऊ नका.

आता यंदा काय करायचं. खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, ठेवणार असाल तर पाचट जाळू नका, अजिबात नाही. बुडख्यावरचं पाचट सरीत ओढा, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा, त्यावर १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारा, पण फवारा बुडख्यावरच राहू द्या, पाचटावर गेला तर जी बुरशी आपल्याला हवीय तीच मरते. नंतर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं कल्चर शेणखतात मिसळून टाका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यावरून माप काढा. लगेच पाणी द्या आणि वाफसा आला (जमीन चालण्याजोगी ओलसर झाली) की पाचट पायाने दाबून घ्या, मातीला टेकल्याशिवाय ते कुजत नाही, वरच्या वर नुसतं तरंगत राहतं.

खोडवा मोडणार आहात आणि पाचटाच्या बेल (मशीनने दाबून बांधलेले गठ्ठे) करून विकायच्यात, तर दव सुकल्यावर, अकराच्या पुढेच मशीन लावा. मूठभर पाचट पिळून बघा, कडकड मोडलं तर बांधा, नुसतं वाकलं तर अजून एक ऊन द्या. माती येऊ देऊ नका, घेणारा त्याचेच पैसे कापतो. बेल दगड-लाकडावर उंच रचा, विजेच्या तारांपासून लांब, वर ताडपत्री, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी येतोच. भिजलेली बेल आतून तापते, रानबुरशी त्यातलं सेल्युलोज खाऊन टाकते, मग ती कुणाच्याच कामाची राहत नाही. काळी-हिरवी पडलेली बेल फोडताना तोंडाला मास्क बांधा, ती धूळ फुफ्फुसात जाते, आणि ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी तर लांबच राहावं, २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. असलं पाचट जनावरांपुढे टाकू नका.

आणि भाव ठरवताना एक धरा. पाचटात पालाश (पोटॅश) पाऊण ते एक टक्का असतो, म्हणजे १० टन विकलं तर ७५ ते १०० किलो पालाश शेताबाहेर गेला, तो भरून काढायला म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या अडीच ते सव्वातीन गोण्या लागतील. त्या गोण्यांचे पैसे आधी वजा करा, बेलिंगचा खर्च वजा करा, आणि उरेल त्यावरच व्यापाऱ्याशी बोला.