रीपरमध्ये डिलीट झालेला टेक परत कसा आणला

लक्षण: रीपर या ऑडिओ रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तबल्याचा टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) डिलीट झालेला, त्यानंतर प्रोजेक्ट सेव्ह करून बंद केलेला. पुन्हा उघडल्यावर अनडूची यादी रिकामी, कंट्रोल-झेडचा उपयोग शून्य. रीसायकल बिनमध्येही काही नाही. डोकं फिरायची वेळ आली होती.

टेकची फाइल मुळात गेलेलीच नसते. टाइमलाइनवरून आयटम (तिथे दिसणारा रेकॉर्डिंगचा तुकडा) काढला तरी डिस्कवरची वेव्ह फाइल तशीच राहते. म्हणून आधी एक पथ्य: फाइल मेनूतलं ‘क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी’ चालवू नका, ते नेमक्या अशाच न वापरलेल्या फाइली उडवायला काढतं.

आता प्रोजेक्टचं फोल्डर उघडा, आत ‘मीडिया’ असेल तर तेही. तारखेनुसार लावा, ऐकून टेक ओळखा. रीपरमध्ये मूळ ट्रॅक निवडा आणि इन्सर्ट मेनूतून ‘मीडिया फाइल’ घ्या. टेक कर्सरपाशी पडेल. हाताने सरकवून सम जुळवत बसू नका. आयटम निवडून अ‍ॅक्शन लिस्टमध्ये ‘सोर्स प्रेफर्ड पोझिशन’ शोधा, ती अ‍ॅक्शन चालवा. वेव्हमध्ये रेकॉर्डिंगच्या वेळी बीडब्ल्यूएफची (टेक टाइमलाइनवर कुठे सुरू झाला त्या वेळेची) नोंद झाली असेल, तर टेक थेट मूळ जागी बसतो.

पुढच्या वेळेसाठी: प्रेफरन्सेसमध्ये अनडू हिस्टरी प्रोजेक्टसोबत सेव्ह करायचा पर्याय आहे. लोड करायचा वेगळा, दोन्ही चालू लागतात.