मावळतीची खिडकी

गुरुजींचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. एप्रिल महिना. "घर झकास झालंय हो. फक्त रात्री आत झोपवत नाही."

पुरंदर तालुक्यातल्या एका वाडीवरचं गुरुजींचं ते घर म्हणजे आर्किटेक्ट म्हणून माझं पहिलं स्वतंत्र काम. डबराच्या 18 इंची भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं, सिमेंट जेमतेम. पुण्यात मित्रांना फोटो दाखवून झाले होते. आणि ज्यांच्यासाठी बांधलं ते दोघं अंगणात खाट टाकून झोपत होते.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. काकूंनी पश्चिमेच्या खिडकीवर खिळे ठोकून गोधडी टांगली होती. ती खिडकी म्हणजे माझा लाडका भाग. 5 फूट रुंद, साडेचार फूट उंच, आत बसलं की समोर पुरंदर किल्ला. मी गोधडी जरा बाजूला केली, पुन्हा सोडली. कोणी काही बोललं नाही. काकूंनी चहा आणला.

हवामानाला धरून माती-दगडाची घरं बांधायच्या या कामात नव्यानं येणाऱ्यांना माती, चुना, दाबलेल्या विटा हे सगळं ठाऊक असतंच, त्यात मी वेळ घालवत नाही. मी जिथं आपटलो तेवढंच सांगतो, पण लांबण लावून सांगतो.

पॅसिव्ह सोलर, म्हणजे यंत्रांशिवाय नुसत्या रचनेनं उन्हाचा उपयोग करणं, शिकताना आपण चित्रं बघतो ती थंड मुलखाची. दक्षिणेला मोठी काच, मागे जाड भिंत, दिवसभर ऊन साठवायचं, रात्री ऊब घ्यायची. लडाखमध्ये ते सोळा आणे खरं आहे. लेह 34 अंश अक्षांशावर, डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32-33 अंश वर येतो आणि खोलीत खोलवर शिरतो. पुणे साडेअठरा अंशांवर. इथं डिसेंबरातही दुपारी सूर्य 48 अंशांवर असतो. 13 मेच्या आसपास तर दुपारी साडेबाराला अंगणात रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे आपल्याकडे प्रश्न ऊन घ्यायचा नाही, अडवायचा आहे. 2018 ची इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीची ऊर्जाबचतीची सरकारी नियमावली, हीही हेच धरून चालते: थंड प्रदेश वेगळे काढले आहेत, बाकी सगळीकडे भिंती-खिडक्यांतून उष्णता आत किती येते यावर मर्यादा आहे.

हे मला परीक्षेपुरतं येत होतं. दक्षिणेच्या खिडक्यांवर 2 फुटांचा छज्जा मी बरोबर दिला होता. 21 मार्चच्या सुमारास तो दुपारी 6 फूट सावली पाडतो, थंडीत सव्वादोन फूट. उन्हाळ्यात सावली, थंडीत ऊन, उत्तम. मग तोच छज्जा पश्चिमेला चिकटवला. चूक इथं झाली. मे महिन्यात संध्याकाळी 5 ला सूर्य 27 अंशांवर असतो आणि जवळपास समोर असतो. 2 फुटांच्या छज्जाची सावली पडते फक्त 1 फूट. उरलेल्या साडेतीन फुटांतून ऊन थेट आत, गुरुजींच्या कपाटापर्यंत.

आणि खिडकीपेक्षा वाईट होती ती भिंत. जाड भिंत गार असते हे अर्धसत्य आहे. जाड भिंत उशीर करते, एवढंच. तिला दिवसा सावली आणि रात्री वारा मिळाला तरच ती गार राहते. उघड्यावर तापलेली दगडी भिंत ती उष्णता रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहते. मी थर्मामीटर घेऊन बसलो. रात्री 10 ला अंगणात 27, पश्चिमेच्या भिंतीला आतून टेकवला तर 36. तोवर मी कौलांना दोष देत होतो.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. चौकट बसवताना गवंडी म्हणाला होता, "सायेब, मावळतीला एवढी मोठी खिडकी? आमच्यात मावळतीला सरपण रचत्यात." मी हसलो होतो. वाडीतली जुनी घरं नंतर पाहिली: कुणाचा मावळतीला गोठा, कुणाची सरपणाची रास, कुणाची बुटकी पडवी. तिकडून ऊनही येतं आणि पावसाची झडही.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या सीनियरांनी तेच ड्रॉइंग पाहून "व्ह्यू छान पकडलायस" म्हटलं होतं. साइटवर एकदाही आले नाहीत. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: गुरू निवडताना त्याच्या चपला बघा, चुना लागलाय का. 3 दिवसांच्या मातीच्या कार्यशाळांना खुशाल जा, चिखल तुडवायला मजा येते. त्या प्रमाणपत्रावर घर बांधायला मात्र घेऊ नका. मोबाइलवर सूर्याची वाट दाखवणारी ॲप चांगली आहेत, मीही वापरतो, पण प्लॉटवर एक अख्खा दिवस काठी रोवून बसायला पर्याय नाही. शक्यतो एप्रिलमध्ये, दुपारी 3 नंतर. डोकं भणभणलं की पश्चिम आपोआप समजते.

घाबरवायचं नाहीये. असल्या चुका बहुतेक दुरुस्त होतात. आम्ही पश्चिमेला 7 फुटांची पडवी काढली, पुढची कड मुद्दाम साडेसहा फुटांवर ठेवली. त्याखालून 5 नंतर शिरणाऱ्या उन्हाला बांबूच्या तट्ट्या बांधल्या, कडेला शेवगा लावला. पूर्वेला वरच्या बाजूस 2 झरोके पाडले, कारण एप्रिलमध्ये इकडे दिवसाचं 38 रात्री 20-21 पर्यंत उतरतं आणि कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊन ती गार हवा आत यायला वाट नव्हती. पडवीचा खर्च मी फीतून वळता केला. त्या वर्षी माझ्याकडे उरलं काय, तर एक थर्मामीटर.

तुमच्या घराला स्लॅब असेल तर आधी छपराकडे बघा. उन्हाळ्यात इथं सगळ्यात जास्त ऊन झेलतं ते छप्पर. वरून चुन्याचे दोन हात मारणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, फक्त दर उन्हाळ्याआधी करावा लागतो, आणि लोक दुसऱ्या वर्षी विसरतात.

माती-दगडाचं घर म्हटल्यावर गावात "मग पोराला मुलगी कोण देणार?" हेही ऐकाल. त्यावर आकडे सांगू नका, उपयोग होत नाही. मी आता अशा लोकांना मे महिन्यात संध्याकाळी गुरुजींकडे चहाला नेतो. गुरुजी पडवीत बसवतात आणि पडवीच्या आधी ही खिडकी कशी उन्हात होती ते तपशिलवार सांगतात. दर वेळी. माझ्यासमोर.