लेफ्टी (डावखुऱ्यांसाठीचा) बेस गिटार घेताना मी काय काय बघितलं (माझा अनुभव)

मी डावखुरा, आणि बेस शिकायचा म्हटल्यावर सगळे एकच सांगत होते, उजव्याचा घे आणि उलटा कर. करता येतं पण नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही. नटमध्ये (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) जाड ई तारेची खाच रुंद असते, तिथे बारीक जी तार बसवली की ती सैल राहून खडखडते आणि ई तार जीच्या अरुंद खाचेत नीट उतरतच नाही, म्हणजे नट बदलणं आलंच. शिवाय आवाजाचे नॉब वर येतात आणि वाजवताना हाताला लागतात, स्ट्रॅपचं बटण बॉडीच्या खालच्या शिंगावर (पुढे आलेल्या टोकावर) जातं. बीटल्सच्या डावखुऱ्या पॉल मॅकार्टनीने १९६१ ला हॅम्बुर्गमध्ये हॉफ्नर कंपनीचा बेस घेतला त्यामागे त्याचा दोन्हीकडून सारखा आकार हेही कारण होतं, पण बहुतेक बेस तसे नसतात. म्हणून मी ठरवलं, चॉइस कमी मिळाला तरी चालेल, खरा लेफ्टीच घ्यायचा.

सेकंडहँड बघताना मानेच्या कडेचे ठिपके (बोटाची जागा ओळखायच्या खुणा, वाजवणाऱ्याला दिसणाऱ्या वरच्या कडेला हव्यात) आधी बघा. एक 'लेफ्टी' बघायला गेलो तर ठिपके जमिनीकडच्या कडेला, म्हणजे उजव्याचाच फिरवलेला, तो सोडला. शेवटी ३४ इंच स्केलचा (म्हणजे तारेची वाजणारी लांबी) घेतला, स्ट्रॅप लावून उभं राहून, हेड (मानेचं टोक) खाली झुकत नाही ना ते बघून.

घरी आणल्यावर बॉडीकडच्या वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर चढा येत होता. आधी नवीन तारा टाकल्या, जुन्यांवर इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं) धड लागत नाही. मग १२व्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघितला, दाबलेला चढा दिसला की सॅडल (तार टेकते तो ब्रिजवरचा तुकडा) स्क्रूने जरा मागे, मानेपासून दूर, परत ट्यून, परत चेक. ई तारेनेच सगळ्यात जास्त वेळ घेतला.