किती टनी ट्रक घ्यावा? आधी माल बघा, मग गाडी

शोरूमला जाण्याआधी मागच्या तीन महिन्यांच्या बिल्ट्या (माल भरल्याच्या पावत्या) काढून प्रत्येक खेपेचं वजन कागदावर मांडा. धंदा नवा असेल तर ज्यांचा माल भरणार त्यांच्याकडून हे आकडे घ्या. जे वजन सगळ्यात जास्त वेळा येतं, त्यावर गाडी ठरवायची. वर्षातून चार वेळा येणाऱ्या मोठ्या लोडला भाड्याची गाडी लावा. त्या चार खेपांसाठी मोठी गाडी घेतली, तर उरलेलं वर्षभर हप्ता, टायर आणि टोल अर्ध्या भरलेल्या हौद्यातून काढावा लागतो.

मग बघायचं, आधी काय संपतं, वजन की जागा? कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल घ्या. एक घनमीटर बीड (ओतीव लोखंड) सात टनांच्या वर भरतं, म्हणजे पासिंग (गाडीला मंजूर असलेलं वजन) संपलं तरी हौदा निम्मा रिकामा दिसतो आणि "अजून दोन पेट्या बसतील" म्हणत ओव्हरलोड होतो. अशा मालाला आखूड, दणकट हौदा हवा. चपलांचे खोके किंवा रिकामे क्रेट असतील तर उलट, हलकी गाडी चालेल पण हौदा लांब आणि उंच पाहिजे.

पासिंगचा हिशेब ब्रोशरवरून करू नका. सहाचाकी ट्रकचं मालासकट एकूण वजन 18.5 टनांपर्यंत चालतं, पण त्यात गाडीचं स्वतःचं वजनही आलं. टाकी फुल करून, ड्रायव्हर-क्लीनर, ताडपत्री, दोर, जॅक आणि स्टेपनीसह रिकामी गाडी वजनकाट्यावर घ्या. समजा 7.2 टन भरली, तर मालाला उरले 11.3 टन. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून 30 किलोचे गुळाचे रवे (ढेपा) भरायचे तर हिशेबाने 376 बसतात. बारदानाचं वजन धरून 370 वर थांबा. नुसती चासी (सांगाडा) घेऊन बॉडी बाहेर बांधणार असाल तर बॉडीचं वजन आधीच ठरवून घ्या, कारण लोखंड जितकं जास्त, तितका माल कमी.

आता वर्ग. शहरातल्या शहरात पाऊण टन मालापर्यंत छोटा हत्ती (टाटा एस) पुरतो, दीड टन मालाच्या आसपास पिकअप. एकूण वजन 3 टनांपर्यंत असेल तर परमिटही लागत नाही. त्यापुढे टाटा 407 सारख्या गाड्या, मग (इथून पुढचे आकडे मालासकट एकूण वजनाचे) 11-12 टनी, मग 18.5 टनी सहाचाकी. दहाचाकी साधारण 28 आणि बाराचाकी 35 टनांची. या दोन्हींना जाता-येता माल पक्का असेल तरच हात घाला.

कोकणात जाणार असाल तर करूळ, भुईबावडा किंवा फोंडा घाट डोळ्यासमोर ठेवा. वळणं अरुंद आहेत, तिथे लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) गाडी एका दमात वळत नाही. पासिंगला अगदी टेकलेली गाडी चढावर कशीबशी ओढेल, पण खरी परीक्षा उतारावर असते. सारखा ब्रेक दाबून ब्रेकचे लायनर तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. म्हणून घाटाच्या मार्गाला नेहमीच्या लोडपेक्षा एक पायरी वरची गाडी घ्या, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक) असलेली बघा आणि ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नाही.

एकूण वजन बरोबर असूनही एखाद्या एक्सलवर (चाकांच्या आसावर) जादा भार पडू शकतो. सगळं कास्टिंग मागच्या फाळक्याजवळ (हौद्याच्या दाराजवळ) टाकलं की मागचे पाटे (स्प्रिंग) बसतात, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट धरत नाही. जड पेट्या मागच्या एक्सलच्या थोड्या पुढे, तळाला पसरून ठेवा आणि दोराने आवळा.

ओव्हरलोड सापडला तर 20,000 रुपये दंड, वर जादा प्रत्येक टनाला 2,000, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. हमाल शोधण्यापासून सगळा खर्च आपलाच.

शेवटी ड्रायव्हरचं लायसन्स बघा. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. त्यावरच्या गाडीला जड वाहनाचं लायसन्स असलेला माणूस आधी पक्का करा, मगच बुकिंगचे पैसे भरा.