आठव्या चालीपाशी थांबा

पॅरिसच्या ऑपेरागृहात १८५८ मध्ये अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फीने ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इसुआर या जोडीविरुद्ध जिंकलेला १७ चालींचा डाव नुसता पाठ करण्यापेक्षा पटावर मांडावा आणि पांढऱ्याच्या, म्हणजे मॉर्फीच्या, आठव्या चालीपूर्वी थांबून आपली चाल कागदावर लिहावी. तिथे वजिराला बी७ या घरातले प्यादे फुकट मिळते आणि बहुतेकांचा हात तिकडेच जातो. ते घेणे चूक नव्हतेच. मात्र काळा वजीर बी४ वर शह देऊन वजिरांची अदलाबदल घडवतो आणि हल्ल्याची धार जाते, म्हणून मॉर्फीने घोडा सी३ वर काढला. अखेर बी८ वर वजिराचा बळी देऊन त्याने डी८ वर हत्तीने मात केली, तेव्हा काळ्याचा राजाकडील उंट आणि हत्ती जागचे हललेही नव्हते.