स्कीचे थर सुटले तर: घरच्या घरी, पण घाई न करता

स्कीच्या कडेला चीर दिसली की लोक आधी फेव्हिक्विक शोधतात. ते ठेवून द्या. स्कीत किंवा स्नोबोर्डात लाकडी गाभा, त्याच्या वर-खाली फायबरग्लास, तळाला पॉलिथिन आणि कडेला पोलादी पट्टी असे थर असतात, आणि ते सगळे उतारावर सतत वाकतात. फेव्हिक्विक वाळलं की ठिसूळ होतं. फुगणारा पॉलियुरेथेन गोंद फेस करून थर आणखी दूर ढकलतो. पाच मिनिटांत आवळणारं इपॉक्सीही (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) नको, कारण चीर भरायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. हळू वाळणारं साधं अराल्डाइट चालतं. थोडं लवचिक राहणारं जी-फ्लेक्स नावाचं इपॉक्सी मिळालं तर उत्तम.

नाण्याने टकटक करत पुढे सरका. आवाज पोकळ येईल तिथवर थर सुटलेत. पेन्सिलने खूण करा. पोकळी बाइंडिंगखाली (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीखाली) शिरली असेल, गाभा काळा आणि मऊ पडला असेल किंवा पोलादी पट्टी वाकून बाहेर आली असेल, तर घरी हात लावू नका. तुम्ही पडताना बाइंडिंग वेळेवर सुटलं नाही तर गुडघा जातो.

आता वाळवणं. चिरेतलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यामुळे छोटी चीर प्रत्येक रात्री थोडी वाढते. चिरेत काडी अडकवा, चिरेचं तोंड खाली करून स्की घरात उबेला उभी ठेवा आणि पंखा लावा. दोन-तीन दिवस लागले तर लागू द्या. हीटरवर टेकवू नका, जास्त उष्णतेने शाबूत थरही सुटतात. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर चिरेत जाईल तेवढा फिरवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन वापरू नका. कडेची भिंत बहुधा एबीएस प्लास्टिकची असते आणि ते ॲसिटोनमध्ये विरघळतं.

खरी कसोटी पुढे आहे: इपॉक्सी चिरेच्या टोकापर्यंत पोचवणं. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, आणि बहुतेक सल्ले इथेच ‘चिरेत इपॉक्सी भरा’ असं म्हणून मोकळे होतात. वरून ओतलेलं इपॉक्सी तोंडाशीच बसतं. बाहेरून काम झकास दिसतं, आत पोकळी तशीच राहते आणि थर पुन्हा त्याच जागी सुटतात.

म्हणून चीर दोन-तीन ठिकाणी पाचर घालून उघडी ठेवा, पण शाबूत भाग फाटेल इतकी नाही. हेअर ड्रायरने ती जागा हाताला सोसेल एवढी गरम करा. इपॉक्सीचे दोन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणात, अंदाजाने नव्हे, घेऊन दोन मिनिटं नीट घोटा आणि पसरट ताटलीत ठेवा. कपात ढीग राहिला तर ते स्वतःच्या उष्णतेनेच लवकर आवळतं. बिनसुईच्या सिरिंजने भरा, पातळ प्लास्टिकच्या पट्टीने आत ढकला, पाचर हलवून चीर उघडा-मिटा. गरम स्की थंड होताना आतली हवा आकसते आणि इपॉक्सीला आत ओढते. चीर आरपार असेल तर पलीकडच्या तोंडाशी कापड धरून व्हॅक्यूम क्लीनर लावा. कापड ओलं दिसलं की लगेच बंद. नायट्राइलचे हातमोजे हवेतच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्माची.

क्लॅम्पच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: जास्त आवळणारे लोक कमी आवळणाऱ्यांपेक्षा जास्त नुकसान करतात. दाबाने सगळं इपॉक्सी बाहेर पडलं तर चिकटायला काय उरलं? सगळ्या चिरेभर बारीक धार बाहेर आली की थांबा. दोन्ही बाजूंना पॅकिंग टेप गुंडाळलेले लाकडी ठोकळे द्या आणि चार-चार बोटांवर एक क्लॅम्प लावा. स्की सपाट फळीवर दाबून बसवू नका, नाहीतर तिचा मूळ बाक जाऊन सपाट आकारच पक्का होईल. टोकाच्या वळणावर ठोकळे बसत नाहीत. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा.

खोली २० अंशांच्या वर हवी. थंड गॅरेजमध्ये इपॉक्सी आठवडाभर चिकटच राहतं. क्लॅम्प दुसऱ्या दिवशी काढा, बर्फावर आणखी दोन-तीन दिवसांनी न्या.

बाहेर आलेलं इपॉक्सी छिन्नीने तासा, कड कानशीने साफ करा, तळाला वॅक्स लावा.

आता पुन्हा नाणं वाजवा. एखादी जागा अजून पोकळ वाजली तर वरच्या बाजूने दोन मिलिमीटरचं भोक फक्त पोकळीपर्यंत पाडा, तळापर्यंत नाही. त्यातून सिरिंजने इपॉक्सी सोडा, पुन्हा क्लॅम्प लावा आणि शेवटी ते भोकही इपॉक्सीनेच बुजवा, नाहीतर पाणी तिथूनच आत शिरेल.