विमानाचं इंजिन डिझाइन करताना नळ्या शेवटी ठेवू नका

नव्याने इंजिन डिझाइनकडे वळणाऱ्यांचा जीव कॉम्प्रेसर आणि टर्बाइनमध्ये अडकलेला असतो. इंधन, तेल, हायड्रॉलिकच्या नळ्या मग उरलेल्या जागेत कशाबशा बसवल्या जातात. चुकांची सुरुवात इथेच होते.

17 जानेवारी 2008 रोजी बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 777 हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. सगळे वाचले. टाक्यांत इंधन होतं, ते गोठलेलंही नव्हतं. पण इंधनात नेहमीच असणारं किंचित पाणी थंडगार प्रवासात नळ्यांच्या आत बर्फ होऊन साचलं. उतरताना इंजिनांनी जास्त इंधन मागितलं, तसा तो बर्फ एकदम सुटला आणि इंधन-तेल हीट एक्स्चेंजरच्या (गरम तेलाची उष्णता थंड इंधनाला देणाऱ्या भागाच्या) तोंडावर जाऊन बसला. त्या तोंडाशी हजाराहून जास्त बारीक नळ्या, आणि प्रत्येकीचं टोक पत्र्यातून सुमारे 4 मिलिमीटर पुढे आलेलं. बर्फाला अडकायला तेवढं पुरलं आणि इंजिनांना पुरेसं इंधन पोचेना. नव्या डिझाइनमध्ये टोकं पत्र्याला सपाट केली. म्हणून इंधनात हळूहळू बर्फ मिसळून घेतलेली चाचणी पुरेशी मानू नका. साचलेला बर्फ एकाच वेळी सुटला तर काय होतं, हेही तपासा.

दुसरी चूक ड्रॉइंगवरची. कारखान्यात मोजताच येणार नाही असं माप देऊ नका. नोव्हेंबर 2010 मध्ये क्वांटासच्या ए380 चं एक इंजिन फुटलं, ते तेलाच्या एका छोट्या नळीमुळे. तिच्या टोकाचं भोक मध्यापासून सरकलेलं, त्यामुळे एका बाजूची भिंत पातळ. तिथे थकव्याची (वारंवार ताण पडून धातूला जाणारी) चीर गेली, तेल गळून पेटलं आणि टर्बाइनची चकती तुटली. डिझायनरने ज्या डेटमवरून (माप जिथून धरायचं त्या आधारावरून) माप दिलं होतं, तिथे जोडणीनंतर हात पोचत नव्हता. म्हणून कारखान्यात वेगळा डेटम वापरला गेला. प्रत्येक मापापुढे ‘हे कोण, कधी, कशाने मोजणार?’ असं लिहायची सवय लावा. मला ही सवय ताणाच्या कुठल्याही गणिताइतकीच मोलाची वाटते.

नळ्यांमधलं अंतरही कंपन आणि उष्णतेचा फुगवटा धरूनच ठरवा. दोन मॉडेलच्या नळ्या चुकूनही एकत्र बसू नयेत, यासाठी त्यांचे जोडच वेगळे ठेवा. ऑगस्ट 2001 मध्ये एअर ट्रान्झॅटच्या ए330 वर इंजिन बदलताना अशाच न जुळणाऱ्या नळ्या बसल्या. हायड्रॉलिकची नळी इंधनाच्या नळीला घासत राहिली, इंधन गळून गेलं, आणि अटलांटिकवर दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर विमान तरंगत अझोर्स बेटांवर उतरवावं लागलं.

गळतीची पहिली खूण मात्र तेलाच्या काट्यांवर दिसली होती: तापमान कमी, दाब जास्त. गळतीमुळे एक्स्चेंजरमधून जादा थंड इंधन वाहत होतं. वैमानिकांना आधी वाटलं, दाखवण्यातच गडबड असावी. तेव्हा तेल अचानक थंड दिसलं, तर सेन्सरवर ठपका ठेवण्याआधी टाकीतलं इंधन किती वेगाने उतरतंय ते पाहा.